जेवायला बसलं की फुगणारा जबडा

नागपूरच्या मानेवाडा भागातून एका सुनेचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते.

‘डॉक्टरताई, माझे सासरे ६२ वर्षांचे आहेत. इतवारीतलं धान्याचं दुकान आता मुलाच्या हाती दिलंय. तीन महिने झाले, जेवायला बसलं की त्यांच्या उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी सूज येते, ठणकते, आणि दीड-दोन तासांत उतरते. सकाळी उठतात तेव्हा काहीच नसतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, “मले काही नाही झालं. जेवाले बसलो का फुगते अन् मंग आपोआप बसते.” त्यांनी २० वर्षं खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) खाल्ला, तीन वर्षांपूर्वी सोडला. कॅन्सर निघेल या धास्तीनेच ते जात नाहीत, हे घरात सगळ्यांना कळतं, बोलत कोणी नाही. आता आंबट-तिखट सोडून नुसता दूध-भात खातात आणि वाळत चाललेत. उन्हाळ्यात अंगाला खाज येते म्हणून रोज ॲलर्जीची गोळी घेतात. शेजारच्या काकू म्हणतात गालगुंड आहे, चुना-हळदीचा लेप लावा. दहावीतली माझी मुलगी म्हणते लाळेची ग्रंथी सुजली. ग्रंथी म्हणजे गाठच ना? आम्ही काय करावं?’

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मामाजींचं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं आहे. ‘जेवाले बसलो का फुगते अन् मंग आपोआप बसते.’ वर्गात मी मुलांना सांगत असे की रुग्ण निदान स्वतःच सांगत असतो, आपण ऐकून घ्यायचं असतं. घासाबरोबर येणारी आणि तास-दोन तासांत उतरणारी सूज म्हटली की पहिला संशय लाळेच्या नळीत काहीतरी अडकल्याचा घ्यायचा. बहुतेक वेळा तो खडा असतो. कागदावरून मी निदान करणार नाही, हात लावून तपासल्याशिवाय कोणीच करू नये. पण तुमच्या घरात जी धास्ती बसली आहे तिच्यापेक्षा हा अंदाज बराच हलका आहे, म्हणून तो आधी सांगते.

नळी बुजते म्हणजे काय होतं, हे नागपूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पाठीवर घामोळ्या येतात ना, त्या तेच तर आहेत. आपल्या कातडीत घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात आणि प्रत्येकीची केसासारखी बारीक नळी कातडीवर उघडते. उकाड्यात ओल्या कातडीने त्या नळ्यांची तोंडं बुजतात, मागून घाम येतच राहतो, जायला वाट मिळत नाही, मग पुरळ उठतं आणि टोचतं. मामाजींच्या जबड्याखाली तेच चाललंय असं धरा. फक्त नळी मोठी आहे, आणि मागची ग्रंथी अक्रोडाएवढी आहे.

आता ‘ग्रंथी म्हणजे गाठच ना?’ या तुमच्या प्रश्नाकडे येते, कारण तो फार बरोबर ठिकाणी बोट ठेवणारा प्रश्न आहे. बोलण्यात आपण सगळ्यालाच गाठ म्हणतो आणि पुस्तकं सगळ्याला ग्रंथी म्हणतात, तिथे गोंधळ सुरू होतो. ग्रंथी म्हणजे काहीतरी तयार करून बाहेर देणारा अवयव. आपला माल नळीवाटे पोचवणाऱ्या त्या बहिःस्रावी: लाळेच्या, घामाच्या, अश्रूंच्या, स्तनांतल्या. थायरॉइडला नळी नाही, तिचा माल थेट रक्तात जातो, म्हणून ती अंतःस्रावी. स्वादुपिंड दोन्ही कामं करतं. इन्सुलिन रक्तात सोडतं आणि पाचक रस नळीने आतड्यात. त्यामुळे नळी नसलेल्या थायरॉइडमध्ये असा खडा अडकून जेवणाबरोबर सूज येणं शक्यच नाही. मानेत आणि जबड्याखाली आणखी एक जात असते, लसिका गाठी. दात किडला, घसा धरला की आपण ‘अवधान आलं’ म्हणतो ना, त्या याच. लसिका गाठी काही पाझरत नाहीत, जंतूंना गाळून अडवतात. त्या सुजल्या तर दिवसचे दिवस सुजलेल्या राहतात, वरण-भात समोर आला म्हणून फुगत नाहीत. आणि ‘गाठ’ या शब्दाला आपण ज्या अर्थाने घाबरतो ती तर पेशींची वेडीवाकडी वाढ. तीन वेगळ्या गोष्टी, आणि तोंडात शब्द एकच. मुलीचं म्हणणं बरोबर आहे असं तिला माझ्याकडून सांगा.

तोंडात लाळेच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या असतात. कानासमोरची सगळ्यात मोठी, जबड्याखालची मधली, जिभेखालची लहान. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या बाजूला शेकडो बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात. जेवताना कानासमोरची ग्रंथी जोर धरते, पण एरवी, आपण गप्प बसलेलो असताना तोंड ओलं ठेवायचं काम मुख्यतः जबड्याखालची ग्रंथी करते.

तिची आतली रचना सांगायला नागपुरात संत्र्यासारखं साधन नाही. साल म्हणजे ग्रंथीवरचं आवरण. आत फोडी, त्यांच्यामध्ये पातळ पापुद्रे. फोड उघडली की रसाच्या बारीक बारीक पिशव्या दिसतात, तशा ग्रंथीत पेशींच्या पिशव्या, फक्त डोळ्याला न दिसणाऱ्या. संत्र्याला नाही ते पुढचं. इथे प्रत्येक पिशवीतून एक सूक्ष्म नळी निघते, त्या एकमेकींना मिळत जाड होत जातात, नाल्यांची नदी व्हावी तशी, आणि शेवटी एकच मोठी नळी बाहेर पडते. पिशव्यांभोवती आवळणाऱ्या पेशी असतात. घास जिभेला लागला, लागायच्या आधी नुसता फोडणीचा वास आला, तरी मेंदूकडून निरोप येतो आणि त्या पेशी पिशव्या पिळतात.

आणि ही नळी साध्या पायपासारखी नुसतं वाहून नेत नाही. पिशवीत लाळ तयार होते तेव्हा ती जवळजवळ रक्तातल्या पाण्याइतकीच खारट असते. वाटेत नळीच्या पेशी त्यातलं मीठ परत ओढून घेतात आणि पाणी मात्र जाऊ देतात. म्हणून तोंडात येणारी लाळ अळणी असते, आणि म्हणूनच वरणात मीठ कमी पडलं तर आपल्याला कळतं. तोंडात आधीच खारट पाणी असतं तर ते कसं कळलं असतं? मी ३० वर्षं हे शिकवलं, आणि दर वर्षी हा भाग शिकवताना मला स्वतःलाच भरून आलं आहे.

आता खडा इथेच का होतो? मी विद्यार्थिनी असताना शवविच्छेदनाच्या टेबलावर पहिल्यांदा ही नळी मोकळी केली तो दिवस आठवतो. फॉर्मॅलिनने डोळ्यांतून पाणी येत होतं. तोंडाच्या तळाला एक पातळ स्नायू झोळीसारखा ताणलेला असतो. जबड्याखालची ग्रंथी त्या झोळीच्या मागच्या काठावरून वळते, मोठा भाग खाली आणि लहान भाग वर. त्या वरच्या भागातून नळी निघते, पांढुरकी, गव्हाच्या काडीसारखी, आणि पुढे, वरच्या दिशेने जिभेखाली जाते. जिभेला संवेदना देणारी नस बाहेरून येते, नळीच्या खालून जाते आणि आतल्या बाजूने वर चढते. सरांनी चिमट्याने ती नस हलकेच उचलून दाखवली आणि म्हणाले, ‘हा वेढा ज्याने ओळखला नाही त्याने इथे सुरी धरू नये.’ नळी जेमतेम पाच सेंटिमीटर. पण लाळेला त्यात वर चढावं लागतं, काठावर वळावं लागतं, आणि शेवटचं तोंड मिलिमीटरभरही रुंद नसतं. त्यात या ग्रंथीची लाळ जात्याच दाट, चिकट आणि कॅल्शियमने भरलेली. लाळ साचून राहिली की एखाद्या चिकट कणावर कॅल्शियमचे थर चढत जातात. लाळेचे दहापैकी आठ-नऊ खडे याच ग्रंथीच्या वाट्याला येतात, ते यामुळे.

मामाजींच्या बाबतीत यात भर कशाची पडली, ते तुमच्याच पत्रात आहे. उन्हाळा, त्यात पाणी कमी. ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ आटते. आणि तिसरं, त्यांनी भीतीपोटी चव सोडली. दूध-भाताने सूज कमी येते हे खरं, कारण लाळच कमी सुटते. पण वाहतं पाणी थांबलं की शेवाळ धरतं. दुखू नये म्हणून ते जे करताहेत त्याने खडा मोठा व्हायला सवड मिळते. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, तिची पट्टी डॉक्टरांना दाखवा.

घरी एक गोष्ट बघता येईल, आणि मामाजींच्या मनातलं भूत निम्मं तिथेच उतरेल. ताप नसेल, जिभेखाली पू दिसत नसेल, तरच हे करा. जेवणाच्या आधी त्यांना खिडकीशी बसवा. मोबाइलचा टॉर्च धरा. जीभ टाळूला लावायला सांगा. जिभेखाली मधोमध पातळ दोरी दिसेल, तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे दिसतील. हीच त्या दोन नळ्यांची तोंडं. स्वच्छ कापसाने जागा टिपून घ्या आणि लिंबाची फोड जिभेच्या टोकाला लावा. डावीकडच्या उंचवट्यावर पाण्याचा थेंब चमकून उमटेल, फुगेल आणि ओघळेल. उजवीकडे बघत राहा. तिथे काहीच आलं नाही, किंवा दाट तार आली, आणि त्याच वेळी जबड्याखाली सूज चढू लागली, तर अडथळा कुठल्या नळीत आहे ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कधी कधी तोंडाशीच अडकलेला खडा पिवळसर ठिपका होऊन दिसतो. दिसला तरी पिनेने, सुईने, नखाने उकरायला जाऊ नका. नळीचं तोंड फाटतं, त्यावर वण धरतो, आणि मग खडा गेला तरी वाट अरुंदच राहते.

हे एकदा केलं की पुरे, दुखवत बसू नका. त्यानंतर भेटीची तारीख मिळेपर्यंत पाणी भरपूर द्या, अर्थात हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटं शेक द्यायचा, मग दोन बोटांनी जबड्याखालून, मागून पुढे, हनुवटीच्या दिशेने हलकेच चोळत आणायचं. जेवणाआधी लिंबाचा थेंब किंवा चिंचेचं बुटुक चघळायला द्या. सूज चढून फार ठणकत असेल तेव्हा आंबट थांबवा. लहान खडे अशाने सुटून येतात. माझ्या थोरल्या भावाचा असाच आला. कैरीच्या पन्ह्याचा दुसरा घोट घेतला, थांबला, आणि तळहातावर काहीतरी थुंकलं. ज्वारीच्या दाण्याएवढं, पिवळट, खरबरीत. स्टीलच्या वाटीत टाकलं तर टण्ण वाजलं. दोन महिने त्याला दात काढायला सांगत होते, आणि तो एक दात काढूनही बसला होता.

त्या टण्णवरून एक गोष्ट सांगते, मुलीला आवडेल. १६६० साली ॲमस्टरडॅममध्ये नील्स स्टेन्सन नावाचा २२ वर्षांचा डॅनिश विद्यार्थी मेंढीचं डोकं चिरत होता. कानासमोरच्या ग्रंथीजवळ त्याला एक पोकळी सापडली. त्याने सळई आत सरकवली, आणि ती पुढे जाऊन दातांवर वाजली. त्या आवाजाने त्याला कळलं की ही वाट तोंडात उघडते. आजही ती नळी त्याच्या नावाने ओळखली जाते. गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तिचं तोंड जिभेने चाचपता येतं. मामाजींची नळी आहे ती चार वर्षं आधीची, लंडनच्या थॉमस व्हार्टनने १६५६ मध्ये वर्णन केलेली. डॉक्टरांच्या कागदावर ‘व्हार्टन डक्ट’ असं लिहून आलं तर दचकू नका. रोगाचं नाव नाही ते, नळीचं आहे.

काकूंचं गालगुंड इथे बसत नाही. गालगुंड विषाणूने होतं, बहुधा कानासमोरच्या ग्रंथी सुजतात, ताप येतो, आणि आठवडाभर सूज मुक्कामाला राहते. तीन महिने रोज दोनदा येऊन जात नाही. आणि चुना तर अजिबात लावू नका. चुन्याने कातडी भाजते. मग डॉक्टरांच्या बोटाला सूज कुठली आणि भाजलेलं कुठलं, ते कळत नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल तुमच्या घरात कोणी बोलत नाही, तिच्याबद्दल बोलते. २० वर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचं तोंड तपासायलाच हवं. सूज खड्याची निघाली तरी हवं, सूज नसती तरी हवं होतं. सुपारी, तंबाखू आणि चुना यांनी विदर्भात किती तोंडं आवळली आहेत ते मी जवळून पाहिलंय. तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, दगडासारखी घट्ट आणि न हलणारी, जेवणाशी संबंध नसलेली, वाढत जाणारी गाठ, जीभ बधिर होणं, ओठ एका बाजूला ओढला जाणं, यांतलं काही असेल तर वाट बघू नका. जबड्याखालच्या ग्रंथीत वाढीच्या गाठी फार होत नाहीत, पण ज्या होतात त्यांतल्या बऱ्याच वाईट निघतात, म्हणून ‘खडाच असेल’ म्हणून घरी बसून राहणंही तितकंच चुकीचं. मामाजींनी खर्रा सोडला ही मोठी गोष्ट आहे. वीस वर्षांची तल्लफ सोडणं काय असतं ते सोडणाऱ्यालाच कळतं. ते त्यांना एकदा मोकळेपणी म्हणा. ज्याने एवढं केलं त्याला ओपीडीची पायरी जड नाही.

दाखवायचं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना किंवा तोंडाच्या शल्यविशारदांना. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात शासकीय दंत रुग्णालय आहे, तिथेही हे बघतात. डॉक्टर एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली ठेवून नळी मागून पुढे चाचपतील. बरेच खडे तिथेच हाताला लागतात. मग सोनोग्राफी. यांतले बहुतेक खडे साध्या एक्स-रेवरही दिसतात. लागलंच तर सीटी स्कॅन. तोंडाजवळचा खडा जागा बधिर करून लहानसा छेद देऊन निघतो, माणूस त्याच दिवशी घरी येतो. मागे वळणावर बसलेला असेल तर नळीतून बारीक दुर्बीण घालून काढता येतो, ही सोय सगळीकडे नाही, विचारून घ्या. अगदीच ग्रंथीत रुतला असेल आणि ग्रंथी वारंवार पिकत असेल तर ती काढतात. त्या नसेचा वेढा इथे आठवायचा. अनुभवी हातच शोधा आणि ‘जिभेची नस कशी सांभाळता’ असं खुशाल विचारा. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

एक मात्र रात्री-अपरात्रीही थांबायचं नाही. ताप चढला, जिभेखाली पू आला, तोंडाचा तळ टणक होऊन जीभ वर उचलली गेली, गिळता येईना, आवाज बदलला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर सकाळ होऊ न देता मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत न्या. बुजलेल्या नळीमागे जंतू वाढले तर सूज घशाकडे उतरू शकते, आणि मग हातात फार वेळ नसतो.

मामाजी विचारतील, ग्रंथी काढली तर तोंड वाळेल का. नाही वाळणार. उरलेल्या पाच आणि त्या शेकडो बारीक ग्रंथी आहेत. माझ्या भावासारखं पन्ह्याच्या घोटावर भागलं तर उत्तमच, पण त्यासाठी आणखी एक उन्हाळा थांबू नका. एका कागदावर लिहून न्या: सूज कधीपासून, किती वेळ टिकते, लिंबाने उजवीकडे काय दिसलं, गोळ्या कोणत्या, खर्रा किती वर्षं आणि कधी सोडला. हे शेवटचं त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. ओपीडीत सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत, आणि पिशवीत एक लिंबू असू द्या, डॉक्टर तिथेही मागतील.